बी कधी टोकायचं? नागपूरच्या परसबागेतले फेब्रुवारी-मार्च

संक्रांत झाली की नागपुरात दुपारचं ऊन चढायला लागतं आणि बागेची हौस असलेल्या घरांत उन्हाळी भाज्यांच्या बियांची पाकिटं येऊन पडतात. भेंडी, काकडी, दोडकं, ढेमसं, लौकी, चवळी. मग दरवर्षीचा प्रश्न: पेरायचं कधी? कुणी सांगतं, थंडी पुरती गेल्याशिवाय मातीला हात लावू नका. कुणी म्हणतं, उशीर कराल तर एप्रिल सगळं भाजून काढेल. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच उत्तर एका तारखेत देता येत नाही.

थंड प्रदेशांसाठी लिहिलेली बागकामाची माहिती वाचली तर वसंत म्हणजे हळूहळू उबदार होत जाणारा लांबलचक काळ वाटतो. आपल्याकडे तसं नाही. जानेवारीत नागपूरची रात्र सरासरी १२-१३ अंशांवर असते. फेब्रुवारीत ती १५च्या आसपास येते, मार्चमध्ये १९च्या. एप्रिलमध्ये दिवसाचा पारा सरासरीनेच चाळिशी गाठतो. म्हणजे बी रुजायला माती गार असते तो काळ आणि फूल टिकायला हवा अति गरम होते तो काळ, या दोहोंच्या मध्ये आपल्याला जेमतेम दहा आठवडे मिळतात. तेवढ्यात बी उगवलं पाहिजे, वेल वाढला पाहिजे, फुलोरा आला पाहिजे आणि फळ धरलं पाहिजे. त्यातच मध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट.

म्हणून पेरणीचा दिवस दुपारच्या उन्हावरून ठरवू नका. पहाटेची माती किती गार आहे आणि पेरलेल्या पिकाला फूल नेमकं कधी येणार, या दोन गोष्टी पाहिल्या की निर्णय बराच सोपा होतो.

माती हवेच्या मागे चालते

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारी ३०-३१ अंश असतात. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असतो, रात्री मात्र पांघरूण लागतं. दिवस-रात्रीतला हा १५-१६ अंशांचा फरक हे आपल्याकडच्या या काळाचं खास लक्षण. आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर जमिनीने घेतलेली उष्णता रात्री थेट आकाशात निघून जाते. ढग किंवा दमटपणा असता तर ती अडली असती.

बी असतं मातीत, दोन बोटं खोल. ते दुपारी दोन-तीन तास ऊब अनुभवतं आणि उरलेला बहुतेक वेळ गारव्यात काढतं. भेंडीचं बी साधारण १७ अंशांखाली उगवतच नाही म्हटलं तरी चालेल. ते खरं खुलतं २५ ते ३५ अंशांच्या मातीत. काकडी, दोडकं, कारलं, लौकी यांनाही निदान १८-२० अंश लागतात. माती त्याहून गार असेल तर बी पाणी पिऊन फुगतं, पण पुढे सरकत नाही. ओल्या, गार मातीत असं फुगून पडलेलं बी बुरशीला आयतंच मिळतं. आठ-दहा दिवसांनी उकरून पाहिलं तर हाताला मऊ लगदा लागतो. अशा वेळी बियाणंच खराब होतं असं म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो, पण पुष्कळदा बी चांगलं असतं आणि माती गार असते.

माती तपासणं अवघड नाही. स्वयंपाकघरात वापरतात तो सळईचा थर्मामीटर सकाळी सात वाजता मातीत पाच सेंटिमीटर खोचा आणि मिनिटभर थांबा. सलग तीन-चार सकाळी १८च्या वर आकडा दिसला की भेंडी आणि चवळी टोकायला हरकत नाही. वेलभाज्यांना २०च्या जवळपास येऊ द्या. मोजायची वेळ सकाळचीच हवी. दुपारचा आकडा वाचून उपयोग नाही, कारण दुपारची माती जानेवारीतसुद्धा उबदार असते. थर्मामीटर नसेल तर कुंपणाच्या कडेला पाहा. घोळ आणि रानचवळाई आपसूक उगवायला लागली असेल तर माती पुरेशी तापली आहे. या दोन्ही भाज्यांचं बीही उबेचीच वाट पाहत असतं.

आपली काळी माती इथे आणखी एक गंमत करते. रंग काळा, म्हणून ऊन भरपूर शोषते. पण तिच्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवते, आणि पाण्याने भरलेली माती तापायला फार उष्णता लागते. त्यामुळे ओलीगच्च काळी माती फेब्रुवारीत उशिरा तापते. वाफ्याला आधी पाणी द्या, दोन-तीन दिवस थांबा, वाफसा येऊ द्या, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा होईल पण बोटाने टिचकी मारताच फुटेल, आणि मगच बी टोका. पेरून वरून धो-धो पाणी देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पेरल्यानंतर पहिले काही दिवस पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर रात्रभर वरचा थर गार आणि ओला राहतो, आणि कोवळ्या रोपांची मर नेमकी तिथेच सुरू होते: रोप काल ताठ उभं होतं, आज मातीजवळ पिचून आडवं पडलं.

गच्चीवरच्या कुंड्यांचा हिशोब वेगळा. कुंडीला चारही बाजूंनी हवा लागते, त्यामुळे ती दिवसा जमिनीपेक्षा लवकर तापते आणि रात्री लवकर गार होते. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुंड्या या काळात फायद्यात असतात. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब थोडीथोडी परत देते. हीच भिंत एप्रिलमध्ये कुंडीची वैरी होते, तेव्हा मोठ्या सिमेंटच्या टाक्या तिथे कायमच्या बांधू नका. कुंडीत नुसती काळी माती भरणंही टाळा. वाळली की ती आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि तुम्ही घातलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं. मुळांशी माती कोरडीच. माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असं सारख्या भागांत मिसळलं तर हा त्रास होत नाही.

थंडी जाऊन परत का येते

'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण म्हणतो, आणि त्यात अनुभव आहे. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते, असंही ऐकत आलो. पण हे सण चांद्र महिन्यांवर चालतात. २०२४मध्ये महाशिवरात्र ८ मार्चला होती, २०२५मध्ये २६ फेब्रुवारीला आणि २०२६मध्ये १५ फेब्रुवारीला. होळी २०२४मध्ये २४ मार्चला पेटली आणि २०२५मध्ये १३ मार्चला. अधिक मास येऊन गेला की तारखा पुन्हा पुढे उडी मारतात. माती मात्र सूर्याच्या हिशोबाने तापते. तीन आठवड्यांनी मागेपुढे होणारी खूण दहा आठवड्यांच्या हंगामाला पुरत नाही.

दुसरं कारण हवेचं. या दिवसांत उत्तर भारतावरून एकामागून एक पश्चिमी चक्रावात जात असतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते हिमालयाला येऊन भिडतात. त्यांचा मुख्य जोर काश्मीर-हिमाचलवर असतो, पण त्यांची शेपटी कधी कधी मध्य भारतापर्यंत लांबते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भात शिरत असतील तर वायव्येकडची कोरडी हवा आणि आग्नेयेकडची ओली हवा आपल्या डोक्यावर एकमेकींना भिडतात. खाली जमीन दुपारच्या उन्हाने तापलेली, वर उंचावर हवा अजून हिवाळ्यासारखी थंड. तापलेली दमट हवा वेगाने वर चढते, ढग उंच वाढतो आणि त्यात गारा तयार होतात. मे महिन्यात जमीन आणखी तापलेली असते, पण वरची हवाही गरम झालेली असते, म्हणून गारा खाली येईपर्यंत बऱ्याचदा वितळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही गोष्टी जुळून येतात. २०१४च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. विदर्भातही गहू, हरभरा आणि संत्र्याचं मोठं नुकसान झालं होतं.

बागेसाठी यातला क्रम ओळखणं महत्त्वाचं. आधी ढग येतात, आणि ढगाळ रात्र उबदार असते. किमान तापमान एकदम तीन-चार अंश वर जातं आणि वाटतं, गेली थंडी. मग पाऊस पडतो. ढग सरले की उत्तरेकडून कोरडे, गार वारे येतात, आकाश लख्ख होतं, आणि पुढच्या दोन-तीन रात्री पुन्हा गार जातात. म्हणजे ज्या उबदार रात्रीने तुम्हाला पेरायचा मोह होतो, ती बहुतेक वेळा गार रात्रींच्या आधीची असते. फेब्रुवारीत ढगाळ हवेत पेरणी करू नका, हा माझ्या मते या काळातला सगळ्यांत उपयोगी नियम. ढग जाऊ द्या, गारवा जाऊ द्या, माती पुन्हा वाफशावर येऊ द्या. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय अंदाज रोज निघतो. त्यात विजा, वादळी वारा, गारपीट यांचा इशारा असला तर तो शेतकऱ्याइतकाच कुंडीवाल्यानेही वाचावा.

फुलापासून मागे मोजा

आता दुसरी बाजू, आणि घरच्या बागेत हीच जास्त दुर्लक्षित राहते. बहुतेक जण पेरणीपासून पुढे मोजतात. या हंगामात फुलापासून मागे मोजायला हवं.

टोमॅटोचं उदाहरण घ्या. फेब्रुवारीत रोपवाटिकेत टोमॅटोची टवटवीत रोपं मिळतात आणि हात आपोआप पुढे होतो. लावल्यावर साधारण महिन्याने फूल येतं, म्हणजे मार्चच्या मध्यावर किंवा पुढे. टोमॅटोच्या फुलाला दिवसा ३५च्या वर गेलेला पारा सोसत नाही. त्याहून त्याला रात्रीची उष्णता जास्त बाधते. रात्र २२-२३च्या वर राहू लागली की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल देठापासून गळतं. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये नागपुरात नेमकं हेच होतं. झाड हिरवंगार, फुलांनी भरलेलं, आणि फळ नाही. मग लोक खत वाढवतात, औषध फवारतात. त्या झाडाला कसलीही कमतरता नसते. म्हणून फेब्रुवारीत टोमॅटो लावू नका, असं मी स्पष्टच सांगेन. ज्यांनी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला रोपं लावली, ते मार्चभर टोमॅटो खातात. मिरचीची फुलंही याच कारणाने गळतात, पण मिरची झाड जगवून ठेवते आणि पावसाळ्यात पुन्हा लागते, तेव्हा तिची एक-दोन झाडं असू द्यावीत.

वेलभाज्यांचं प्रकरण याहून मजेदार आहे. काकडी, दोडकं, लौकी, कारलं यांच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाला नुसता बारीक देठ. सुरुवातीला नर फुलं येतात, ती आठ-दहा दिवस गळत राहतात. त्यात काळजीचं काही नाही. पण नर-मादी फुलांचं प्रमाण हवेवरही ठरतं. गार हवा आणि लहान दिवस असले तर मादी फुलं जास्त. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की नर फुलांचा भर. नत्राचं खत जास्त झालं तरी वेल पानांत आणि नर फुलांत रमतो. म्हणजे मार्चच्या अखेरीला पेरलेल्या काकडीला फुलं येतील, भरपूर येतील, पण काकड्या कमी. फेब्रुवारीच्या मध्यावर रुजलेल्या काकडीला पाच-सहा आठवड्यांत, मार्चअखेर, फूल येतं आणि ती या चढत्या उन्हाच्या जरा आधी पोहोचते. या पंधरवड्यासाठीच सगळी धडपड.

परागीभवन हाताने करायचं असेल तर फुलांच्या वेळा पाळा. काकडी, कारलं आणि गिलकं सकाळी फुलतं. दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उघडतं, लौकीचं पांढरं फूल तर दिवेलागणीच्या सुमारास. सकाळी आठ वाजता लौकीच्या मिटलेल्या फुलाशी झटापट करून काही मिळत नाही. संध्याकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवा.

भेंडी, गवार, चवळी, अंबाडी ही मंडळी उन्हाला भिऊन नसतात. त्यांची घाई करू नका. गार मातीत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकलेली भेंडी आणि महिनाअखेर उबदार मातीत टोकलेली भेंडी यांच्या तोड्यात फारसं अंतर राहत नाही. उशिरा पेरलेली भराभर वाढून पहिलीला गाठते.

गार मातीला वळसा

वेलभाज्यांना मात्र फेब्रुवारीचा पूर्वार्ध वाया घालवणं परवडत नाही. तेव्हा माती तापण्याची वाट पाहत बसण्याऐवजी बी घरात रुजवा. काकडीचं बी पाच-सहा तास, दोडकं-लौकीचं रात्रभर आणि कारल्याचं पूर्ण दिवसभर पाण्यात ठेवा. कारल्याचं कवच जाड असतं, त्याचं टोक नखकात्रीने किंचित छाटलं तर आणखी बरं. मग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा घरात उबेला ठेवा, फ्रिजच्या वर किंवा पीठ-डाळींच्या डब्यांमागे. तीन-चार दिवसांत पांढरा कोंब दिसतो. कोंब अर्ध्या बोटाहून लांब होऊ देऊ नका, तो मोडतो. खाली भोक पाडलेल्या कागदी पेल्यात खत-कोकोपीट भरून त्यात तो लावा. दिवसा पेला उन्हात, रात्री व्हरांड्यात. बियातून निघालेल्या पहिल्या जाडसर पानांनंतरची दोन खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात लावा. वेलभाज्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून उशीर करू नका आणि गोळा फुटू देऊ नका. या युक्तीने दोन आठवडे हाती लागतात.

सगळं बी एका दिवशी संपवू नका, हे मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. पाकिटातलं एक तृतीयांश फेब्रुवारीच्या मध्याच्या आधी घरात रुजवा, एक तृतीयांश माती उबली की थेट टोका, आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात जपून ठेवा. गारपीट झाली, मर लागली, तांबड्या भुंगेऱ्यांनी कोवळी पानं चाळणी केली, तर हाताशी बी असतं. मार्चच्या मध्यात पुन्हा दुकानात जाऊन हवं ते वाण मिळेलच असं नाही.

पाऊस आणि गारा यांच्यानंतर

पेरणीनंतर जोराची सर आली की काळ्या मातीवर थेंबांच्या माराने खपली बसते. ऊन पडलं की ती टणक होते आणि खालून येणारा कोंब तिच्याखाली वाकून मरतो. यावर सोपा उपाय पेरतानाच करता येतो: बी टोकल्यावर वरून काळी माती न लोटता चाळलेलं गांडूळखत किंवा कोकोपीट पसरा. खपली बसलीच तर झारीने हलकं पाणी देऊन ती मऊ करा आणि बोटांनी फोडा. खुरप्याने नको, कोंब तुटतात.

गारांपासून कुंड्या वाचवणं त्यातल्या त्यात सोपं, सरकवून छपराखाली नेता येतात. वाफ्यावर शेडनेटची जाळी असेल तर ती ताणून, थोड्या उतारावर बांधलेली हवी. सैल जाळीत गारांचा ढीग साचतो आणि तीच रोपांवर बसते. गारा पडून गेल्यावर घाईने काही उपटू नका. भेंडीचा शेंडा मोडला तरी पानाच्या बेचक्यातून नवे फुटवे येतात. वेलाचं मुख्य खोड शाबूत असेल तर तोही बगलेतून फुटतो. लोंबकळणारी, फाटलेली पानं काढा, चार-पाच दिवस खत देऊ नका, नवा फुटवा दिसला की मग द्या. फक्त दोन पानांची रोपं शेंड्यासकट गेली असतील तर त्यांची आशा सोडून राखलेलं बी काढा.

या पावसानंतरच्या दमट सकाळी आणि कोरड्या दुपारी वेलांच्या पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, धरते. दाटीची पानं काढून वारा खेळता ठेवला तर ती बरीच आटोक्यात राहते.

मार्चच्या मध्यानंतर सगळं उलटं

पालापाचोळ्याचं आच्छादन बागेला चांगलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फेब्रुवारीत ते घालू नका. मातीला ऊन लागणंच तेव्हा गरजेचं असतं. मार्चच्या मध्यावर, रोपं वीतभर झाली की तीन-चार बोटं जाड थर द्या, खोडापासून जरा सोडून. आता तोच थर मातीतली ओल राखतो आणि काळ्या मातीला भेगा पडू देत नाही. भेगा पडल्या की बारीक मुळं अक्षरशः तुटतात. पाण्याची वेळही आता संध्याकाळकडे किंवा अगदी पहाटे न्या. एप्रिलमध्ये हिरवी जाळी डोक्यावर आणि पश्चिमेला लावा, पूर्वेची बाजू मोकळी ठेवा. सकाळचं ऊनही मिळतं आणि मधमाश्यांना आत यायला वाटही राहते.

सांबार, म्हणजे कोथिंबीर, मार्चमध्ये उघड्यावर पेरली तर ती लगेच तुरा धरते. धणे हलके रगडून दोन भाग करा आणि दुसऱ्या झाडाच्या सावलीत, दोडक्याच्या मांडवाखाली वगैरे, थोडे थोडे दर पंधरा दिवसांनी पेरा. मोठी जुडी मिळणार नाही, पण भाजीवर घालण्यापुरती पानं मिळत राहतील.

आणि मार्चअखेर वाफ्यात जिथे जागा रिकामी राहिली असेल, काही उगवलं नसेल किंवा गारांत गेलं असेल, तिथे गवार टोका. तिला खत थोडं चालतं, पाणी थोडं चालतं, ऊन कितीही चालतं, आणि मे महिन्यात वेल सुकायला लागतात तेव्हा तिच्या शेंगा तोडायला आलेल्या असतात.